निघोज्याची खबर

दहाव्याला चिंचवडला पवनेच्या घाटावर पिंड मांडला, आणि भटजींनी हातातली पळी खाली ठेवायच्या आत कावळा शिवला.

"बघा," शेजारचे लक्ष्मणराव म्हणाले, "मास्तरांचा जीव कशात म्हणून अडकला नव्हता."

जमलेल्या माणसांनी समाधानाने माना डोलावल्या. ऊन चढायला लागलं होतं आणि प्रत्येकाला घर गाठायचं होतं. कौशल्या, मास्तरांची लेक, बायकांच्या मागे उभी होती. कावळा शिवत नाही तेव्हा घरचं माणूस पुढे होतं, हात जोडतं आणि गेलेल्याला शब्द देतं. धाकट्याला सांभाळू, वावर विकणार नाही, जे काय असेल ते. तिनेही एक वाक्य मनाशी धरून ठेवलं होतं. आप्पा, मी आले आहे. एवढंच. ते म्हणायची वेळच आली नाही. कावळा भाताचा घास घेऊन पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला, आणि आप्पांना तिच्याकडून काही नको होतं हे चारचौघांत ठरून गेलं.

ती नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होती. लग्न राहिलं ते राहिलंच. तार तिच्या हातात पडली तेव्हा इकडे सगळं आटोपलं होतं. आजारपण का कळवलं नाही, हे भावाला, रंगरावाला, तिने एकदाच विचारलं.

"आप्पाच म्हणाले," रंगराव खाली बघत म्हणाला. "तिच्या मुलींच्या परीक्षा तोंडावर आल्यात, तिला उगाच कळवू नका. उठून बसलो की मीच पत्र टाकतो. मी काय करणार, अक्का? त्यांचा शब्द मोडू?"

पत्र त्यांनी टाकलंही होतं, उठून न बसताच. तुळशीला मंजिऱ्या आल्या, रंगरावाचा धाकटा बाराखडी म्हणतो, मी मजेत आहे. ते पत्र त्यांनी अंथरुणावर पडून, पाटीवर कागद ठेवून लिहिलं होतं हे तिला वहिनीकडून कळलं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि एका सकाळी एक पाद्री दारात आला.

उंच, उन्हाने लाल झालेला, हातात टोपी. सायकल त्याने ओट्याला टेकवली आणि तो तिथेच उभा राहिला. वहिनीने आत जाऊन फडताळ दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. कुठल्या कपात चहा द्यावा हे तिला ठरवता येईना. शेवटी कौशल्याने आप्पांचा कप काढला आणि बाहेर नेऊन दिला.

फोर्ब्स साहेब स्कॉटलंडचे. देहूरोडच्या वाटेवर माळावर मिशनचं एक इस्पितळ होतं, हाडांच्या क्षयाच्या मुलांचं, तिथे ते दोन वर्षांपासून होते. मराठी त्यांना 'नमस्कार' आणि 'पाणी' याच्या फार पुढे येत नव्हतं. दर रविवारी ते मुलांपाशी बसून चार शब्द बोलत, आणि चाकणच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले यशवंतराव मास्तर, म्हणजे आप्पा, ते मराठीत सांगत. एक पैसा न घेता. घरी त्यांनी याचा विषय कधी फारसा काढला नव्हता. फिरून येतो म्हणत, एवढंच.

"तुमची रजा संपेपर्यंत तुम्ही याल का?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं. "मुलं वाट बघतात."

ते गेल्यावर रंगराव उखडला. "पाद्र्याबरोबर? लोक म्हणतील मास्तर गेले आणि पोरगी बाटली."

"आप्पा जात होते तेव्हा लोक काय म्हणत होते?"

"आप्पा पुरुष होते. आणि म्हातारे."

"मीही होतेच आहे म्हातारी," कौशल्या म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात खाटांची रांग होती. उघड्या हवेने हाड भरतं म्हणून मुलांना बाहेरच ठेवत. कुणाचा पाय, कुणाची कंबर, कुणाची सगळी पाठ प्लास्टरमध्ये. काहींना कूसही बदलता येत नव्हती. ती वर्ष-वर्ष उताणी पडून कौलं बघत. आसपासच्या खेड्यांतली मुलं, कुरुळी, मोई, चिंबळी, निघोजे. आईबाप शेतमजुरी करणारे. पेरणी-काढणीत त्यांना महिनोन्महिने येणं जमत नसे.

साहेब स्टुलावर बसले आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगू लागले. शंभर मेंढरं होती, त्यातलं एक चुकलं. कौशल्याने ती जशीच्या तशी, स्वच्छ मराठीत सांगितली. वर्गात शिकवताना तिचा आवाज असाच लागे. चार वाक्यं झाली नाहीत तोच मुलं चुळबुळायला लागली.

"ह्ये न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"बाई, तुमास्नी सांगाया येत न्हाई," टोकाच्या खाटेवरून एक मुलगी म्हणाली. मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर, केस बारीक कापलेले, डोळे मोठे. आठ-नऊ वर्षांची असेल. सगळे हसले.

"मग मास्तर कसं सांगायचे?"

"सायब बोलला की मास्तर म्हणायचे, सायब म्हणतो, कुरुळीच्या गेनूच्या आज्याची म्हस व्याली. रेडी झाली."

"कपाळाला चांदणी हाय तिच्या!" हा गेनू. त्याचा पाय वजन बांधून वर टांगलेला होता.

"सायब म्हणतो, मोईच्या हिरीला पाणी लागलं!"

"सायब म्हणतो, चिंबळीच्या पाटलाचा बैल पोळ्याला पळाला, त्ये मारुतीच्या देवळात घुसला!"

मुलं एकदम सुटली. कौशल्याने साहेबांकडे बघितलं. ते हात गुडघ्यांवर ठेवून, काही न कळल्यासारखे, प्रसन्न बसले होते.

"आन् माझ्या आईची खबर शेवटाला," ती टोकाची मुलगी म्हणाली. "मी ठकू. निघोज्याची. माझी आई भागू. मास्तर आईचं शेवटाला सांगायचे, म्हंजी मला आठवडाभर पुरायचं." मग तिने विचारलं, "मास्तर कवा येणार?"

औषधाचा ट्रे घेऊन चाललेल्या गोजाबाई आयाने पटकन तोंड घातलं. "अगं, किती डाव सांगू? विलायतेला गेले ते. सायबाच्या गावाला, तिकडच्या आजारी पोरांस्नी भेटाया."

"तिकडली पोरं मराठी बोलत्यात व्हय?"

"बोलत असतील. तुला काय करायचंय? गप पड."

"गपच पडलीया की," ठकू म्हणाली. "दुसरं काय करू?"

पुन्हा हशा झाला. आप्पा कुठेतरी परक्या मुलखात, परक्या मुलांच्या खाटांपाशी बसलेत, हे चित्र क्षणभर तिलाही खरं वाटलं, आणि त्या मुलांचा तिला हेवा वाटला. इथेही तेच झालं होतं. घरातल्या माणसाला पत्र आणि या पोरांना दर रविवार.

"खबर पुढच्या रविवारी," ती कशीबशी म्हणाली.

फाटकापर्यंत साहेब सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत आले. तिने ठरवलं, सांगून टाकावं. "माझे वडील तुमचं बोलणं सांगत नव्हते. ते मुलांना गावच्या बातम्या सांगत होते. मला माफ करा."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "त्यांच्या भाषांतरात गावांची नावं फार यायची. माझ्या बायबलात कुरुळी नाही."

"मग तुम्ही बोलला कसे नाहीत?"

"आधी राग आला. पण मुलं ऐकत होती. माझं कधी कुणी इतकं ऐकलं नव्हतं." ते थोडे हसले. "मग मी पाल्हाळ लावायला लागलो, मास्तरांना वेळ पुरावा म्हणून. मेंढरांवर किती बोलणार? पुढे पुढे मी आमच्या गावाबद्दलच बोलायचो. आमची नदी, आईची परसबाग. मी इकडे आल्यावर आई गेली. मला दीड महिन्याने कळलं. तेही मी इथेच बोललो, या व्हरांड्यात. कुणाला समजत नव्हतं, त्यामुळे सोपं जायचं."

"आप्पांना समजत होतं."

"हो," साहेब म्हणाले. "ते ऐकत होते आणि म्हशीचं सांगत होते. दोन्ही एकदम."

त्यांनी टोपी घातली आणि सायकल वळवली. माळावर बराच वेळ ती एकटी सायकल दिसत राहिली.

शनिवारी चाकणचा बाजार. कौशल्या सकाळच्या एस.टी.ने गेली. आप्पा बातम्या कुठून आणत असतील हे शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. दर शनिवारी ते भाजीला चाकणला जात आणि वहिनी म्हणे, भाजी चिंचवडात मिळत नाही का? बाजारात कांद्याचे ढीग लागले होते. नव्या गावठी कांद्याचा वास धुळीत मिसळून डोळ्यांत जात होता. एका पाटीमागे बसलेली म्हातारी तिच्याकडे निरखून बघत होती.

"मास्तरांची लेक न्हवं का? नाक त्येच हाय. बस, बस हितं. ह्या दगडावर बसायचे ते. मी आक्काबाई, निघोज्याची."

कौशल्या दगडावर बसली.

"लई वाईट झालं बाई. कोंबडी दाणं टिपती तशा खबरा टिपायचे. अमक्याची शेळी, तमक्याचं लगीन. मी म्हणायची, मास्तर, तुमी पुरुष हाय का बाजारबुणगी बाई? तर म्हणायचे, आक्काबाई, माझी गिऱ्हाईकं लई चोखंदळ हायत. शिळा माल घेत न्हाईत." ती हसली, पदराने डोळे टिपले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागली. "ए कुरुळीकर! म्हशीचं सांग की! रेडी काय करती?"

तासाभरात कौशल्याची ओंजळ भरली. रेडीने माळ्याच्या मेथीत तोंड घातलं. मोईच्या विहिरीला भिंत बांधायचं चाललंय. चिंबळीत नवा तालमीचा हौद झाला. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "आणि तुमच्या गावची भागूबाई? ठकूची आई?"

आक्काबाईचा हात कांद्यावर थांबला.

"मास्तर बोलले न्हाईत व्हय तुला?"

"नाही."

"भागू दिवाळीच्या तोंडालाच गेली की. बाळंतपणात. पोरगा जगला. त्यो चऱ्होलीला हाय, बाळाजीच्या बहिणीकडं. बाळाजी म्हंजी ठकूचा बाप. त्यो पिंपरीला गेला, नव्या कारखान्याच्या बांधकामावर. पोरीपुढं जायाचं धाडस न्हाई त्याला. त्यो म्हणतो, मास्तर सांगतील. मास्तर म्हणायचे, बापानं सांगावं. आन् मदी पोरगी."

"पण आप्पा तर दर रविवारी तिच्या आईची..."

"व्हय." आक्काबाईने कांद्याचं सुटलेलं साल उगाचच सोललं. "मीच त्यांस्नी सांगितलं, भागू गेली म्हणून. ह्याच दगडावर बसले हुते. मग म्हणले, आक्काबाई, भागू असती तर ह्या दिवसांत काय करत असती? मी म्हणलं, काय करंल, कांद्याचं रोप लावत असंल, पाण्यात उभी ऱ्हाऊन. दुसऱ्या बाजारी पुन्यांदा आले. आता काय करत असती? म्हणलं, खुरपत असती. मग म्हणलं, संक्रांतीला वाणवसा घेत असती. शिमग्याला म्हणलं, आता कांदा काढत असती, उन्हात तिचं डोकं दुखायचं, डोक्याला फडकं बांधून. मीबी सांगत गेले बाई. मलाबी बरं वाटायचं. भागू माझ्या शेजारची."

परतताना गाडी मोशीच्या पुलावरून चालली होती. खाली इंद्रायणीत बायका धुणं धूत होत्या आणि त्यातली प्रत्येक पाठमोरी बाई भागूबाई असू शकली असती. कौशल्याच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत आक्काबाईने बळेच दिलेले चार कांदे. आप्पांचा तिला राग आला होता, आणि तो राग कुणापुढे काढावा हे तिला समजत नव्हतं. तुळशीला मंजिऱ्या आल्या. मी मजेत आहे. तेही असंच कुणालातरी विचारून लिहिलं असेल का? मी बरा असतो तर या दिवसांत काय करत असतो?

त्यांनी माया केली यात तिला शंका नव्हती. पण त्या मायेने तिला घाटावर, सगळ्यांच्या मागे, एक वाक्य तोंडात धरून उभं ठेवलं होतं. ती जूनमध्ये नगरला जाईल. मग ठकूला कोण सांगणार? प्लास्टर निघेल, पोरगी स्वतःच्या पायाने निघोज्याला चालत जाईल, आणि दार उघडून आत बघेल.

रविवारी फाटकातच तिने साहेबांना गाठून सगळं सांगितलं. आता पोरीला सांगावं की नाही, हे मात्र तिने विचारलं नाही, कारण ते तिचं ठरलं होतं.

साहेब पायाने खडा इकडेतिकडे करत राहिले. मग म्हणाले, "मी बोलत राहीन. तुम्हाला लागेल तेवढा वेळ."

त्यांनी स्टुल घेतलं आणि ते आपल्या गावच्या नदीबद्दल बोलू लागले. पाऊस नसतानाही ती कशी दुथडी वाहते, वगैरे. कौशल्या व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली. "साहेब म्हणतात, कुरुळीच्या रेडीने माळ्याची मेथी खाल्ली."

"आमची रेडी!" गेनू ओरडला. "मग माळी काय म्हणला?"

"माळी म्हणाला, रेडी धरून ठेवतो, गेनू बरा होऊन आला की सोडवून नेईल."

हे शेवटचं तिने मनाने घातलं होतं. घालून झाल्यावर तिला ते जाणवलं आणि आप्पांचा हात कसा सुटत गेला असेल ते कळलं. मग विहीर झाली, हौद झाला. मुलं आपापलं घेऊन गप्प झाली, जशी जेवल्यावर होतात. तिने एक स्टुल ओढलं आणि ठकूच्या उशाशी बसली.

"आता आईचं," ठकू म्हणाली.

"आधी माझ्या वडलांची खबर सांगते. मग तुझ्या आईची."

"मास्तरांची? ते तर विलायतेला..."

"विलायतेला नाही गेले. ते वारले, ठकू. पाडवा झाल्यावर."

ठकूने डोळे तिच्याकडे फिरवले. मान वळवता येत नव्हती. "तुमी जवळ हुता?"

"नाही. मी नगरला होते. मला कुणी कळवलंच नाही. सगळं झाल्यावर तार आली."

"का?"

"मला वाईट वाटेल म्हणून."

"मग वाटलं न्हाई व्हय?"

"वाटलं. जास्तच वाटलं."

ठकू कौलांकडे बघत राहिली. वाशावर चिमण्यांनी काड्या जमवल्या होत्या. पलीकडे साहेबांचा आवाज एका लयीत चालला होता. त्यातलं एकही अक्षर कौशल्याला त्या वेळी समजलं नाही.

"माझ्या आईचंबी तसंच हाय का?" ठकूने विचारलं.

"हो. दिवाळीच्या आधी. बाळंतपणात."

मुलं असं ऐकलं की भिंतीकडे तोंड करतात. ठकूला ते करता येत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी चादर धरली आणि वर, डोक्यावरून ओढून घेतली. चादरीखाली प्लास्टर हललं नाही. नुसती बोटं दिसत होती, काठ घट्ट धरलेली. कौशल्याने त्या बोटांवर आपला हात ठेवला आणि ती बसून राहिली. गोजाबाई दारापर्यंत आली, तिने बघितलं, ती तोंडाला पदर लावून मागे फिरली. साहेब बोलत होते. त्यांचा घसा बसत चालला होता, मध्येच ते खाकरत आणि पुन्हा सुरू करत. गेनूने एकदा विचारलं, "सायब अजून काय म्हणतो?"

बऱ्याच वेळाने चादरीतून आवाज आला. "आन् बाळ?"

"बाळ आहे. तुला भाऊ झालाय. चऱ्होलीला, तुझ्या आत्याकडे."

चादर खाली आली. चेहरा ओला, लाल झालेला. "मास्तर आईचं समदं सांगायचे. बाळाचं इचारलं की खोकायचे. मला वाटायचं, बाळच मेलं." तिने नाक वर ओढलं. "नाव काय त्याचं?"

"मला माहीत नाही."

"म्हंजी इचारलंच न्हाई तुमी?"

"नाही विचारलं."

धडा न करता आलेल्या मुलीकडे कौशल्या वर्गात बघे, तसं ठकूने तिच्याकडे बघितलं. "पुढच्या रविवारी सांगा. पर खरं इचारून या. मनानं नगा सांगू."

"नाही सांगणार."

"कुणासारखा दिसतो त्येबी."

साहेब थांबले. चिमण्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागला. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, उठून ठकूच्या खाटेशी आले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार." त्या वेळेला पुरेल असा दुसरा शब्द त्यांना येत नव्हता. ठकूनेही चादरीतून हात काढून जोडले.

सोमवारी उन्हं चढायच्या आत कौशल्याने खुंटीवरची आप्पांची छत्री काढली. रंगराव पिंपरीला कामावर निघण्यासाठी डबा भरून घेत होता.

"आता कुठे?"

"चऱ्होलीला."

"चऱ्होलीला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही," ती चपला घालत म्हणाली. "एका बाळाचं नाव विचारून येते."

रंगराव दाराशी डबा हातात धरून उभा राहिला. त्याला काही विचारायचं होतं, पण तोवर ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती, छत्री न उघडता, आप्पा धरत तशी काखेत धरून.